रोमचे शिल्पकार जान लोरेन्झो बर्निनी (१५९८-१६८०)

रोम नगरीतील चौक, पूल, कारंजी व महामंदिरे ह्यांना आजचे रूप देणाऱ्या कलावंतांमध्ये जान लोरेन्झो बर्निनी ह्यांचे स्थान अग्रगण्य आहे. रोमच्या तीर्थयात्रेस जाणाऱ्या आमच्या वाचकांसाठी त्यांचा अल्प परिचय येथे देत आहोत.

बर्निनी ह्यांचा जन्म ७ डिसेंबर १५९८ रोजी नेपल्स येथे झाला. वडील पिएत्रो हे शिल्पकार असल्याने छिन्नी-हातोडीचे धडे घरीच मिळाले. बालपणीच कुटुंब रोमला आले. कार्डिनल शिपिओने बोर्गेसे ह्यांच्या आश्रयाने त्यांनी घडविलेली 'दावीद' व 'अपोलो आणि डॅफ्नी' ही संगमरवरी शिल्पे आजही बोर्गेसे संग्रहालयात आहेत. १६२३ साली पोप झालेल्या आठव्या अर्बन ह्यांनी संत पीटर महामंदिराच्या मुख्य वेदीवरील ब्राँझच्या छत्राचे काम त्यांच्याकडे सोपविले. पिळदार खांबांचे, सुमारे २९ मीटर उंचीचे हे छत्र १६३३ साली समर्पित झाले.

ह्या यशाला एक काळी बाजूही आहे. आपल्या सहकाऱ्याची पत्नी कॉन्स्तान्झा हिच्याशी बर्निनी ह्यांचे संबंध होते. तिचे आपल्या भावाशीही संबंध असल्याचे कळताच, १६३८ साली त्यांनी सेवकाकरवी तिच्या चेहऱ्यावर वार करविले. सेवक हद्दपार झाला, बर्निनी ह्यांचा दंड पोपनी माफ केला आणि जिच्यावर वार झाले त्या स्त्रीलाच बंदिवास घडला. हे झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. कला थोर असली म्हणून अन्याय लहान ठरत नाही. पुढील वर्षी बर्निनी ह्यांचा कॅतेरिना तेझिओ हिच्याशी विवाह झाला. त्यांना अकरा अपत्ये झाली.

महामंदिराच्या दर्शनी भागावर त्यांनी उभारलेल्या घंटाघरामुळे भिंतींना तडे गेल्याचा ठपका आला व पोप दहावे इनोसंट ह्यांच्या आज्ञेने १६४६ साली ते पाडण्यात आले. मानहानीच्या ह्या काळातच त्यांनी संत तेरेजा हिच्या भावसमाधीचे विख्यात शिल्प (१६४७-५२) घडविले. नावोना चौकातील 'चार नद्यांचे कारंजे' (१६४८-५१) हेही त्याच काळातले. त्यात नाईल, डॅन्यूब व रिओ दे ला प्लाता ह्यांच्यासोबत आपली गंगाही मानवरूपात विराजमान आहे.

पोप सातवे अलेक्झांडर ह्यांच्या कारकिर्दीत, १६५६ पासून, संत पीटर चौकाची रचना सुरू झाली. चार रांगांतील २८४ खांब व त्यांवरील संतांचे १४० पुतळे ही तिची ओळख. ह्या दोन अर्धवर्तुळाकार स्तंभावली म्हणजे ख्रिस्तसभामातेच्या पसरलेल्या भुजा असून त्या श्रद्धावंतांना, दुरावलेल्यांना आणि अख्रिस्ती जनांनाही कवेत घेतात, असा अर्थ खुद्द बर्निनी ह्यांनी सांगितला होता. पुढे सांत आंजेलो पुलासाठी त्यांनी ख्रिस्ताच्या दुःखसहनाची चिन्हे धारण केलेल्या दहा देवदूतांची योजना केली. स्वहस्ते घडविलेले दोन देवदूत संत आंद्रेया देल्ले फ्रात्ते मंदिरात आहेत. पुलावर त्यांच्या प्रतिकृती आहेत.

२८ नोव्हेंबर १६८० रोजी बर्निनी निवर्तले. सांता मारिया मॅज्जोरे महामंदिरातील एका साध्या फरशीखाली ते विसावले आहेत. ह्याच महामंदिरात २०२५ साली पोप फ्रान्सिस ह्यांचे दफन झाले. इतरांसाठी भव्य समाध्या घडविणाऱ्या ह्या शिल्पकाराची फरशी सहज नजरेतून सुटते. तेथे जाणाऱ्या भाविकांनी ती अवश्य शोधावी व त्यांच्यासाठी, तसेच कॉन्स्तान्झासाठीही, एक प्रार्थना करावी.