पटावरून हमरस्त्यावर

वेगाची चटक आम्हा भंडाऱ्याच्या लोकांना मोटरसायकलीने लावली, असे आजची पोरे धरून चालतात. मला ते पटत नाही. यामाहाची आरएक्स 100 बाजारात आली 1985 साली. त्याच्या कितीतरी आधीपासून धानाचे चुरणे आटोपले की लाखनी-साकोलीकडच्या गावांत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरत आला आहे.

माझे मोठेबाबा पटाचे धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारे. पटासाठी धुरे म्हणजे बांध फोडून बांध्या, म्हणजे धानाची शेते, सपाट केल्या जात. छकडी इतकी हलकी की एक माणूस उचलून बाजूला ठेवेल. तिच्यावर ते असे वाकून बसत की जोडी सुटली की बैलांच्या शेपट्या तोंडावर येत. झेंडी पडली की बाजूच्या जोडीकडे बघायचे नाही, कान फक्त आपल्या बैलांच्या श्वासाकडे, असे ते सांगत. निकाल सेकंदांवर लागे आणि सेकंदाच्या बारीकशा तुकड्यावरून रात्री झाडीपट्टीचे नाटक सुरू होईपर्यंत हुज्जत चाले. पटाला लेकी माहेरी येत, सोयरिकी जुळत. वेगाला अशी जागा होती, हंगाम होता, आणि बघणारे सगळे ओळखीचे.

तुतारीची, म्हणजे बैल हाकायच्या काठीची, आर बैलाच्या पुठ्ठ्यात रुतलेलीही मी पाहिली आहे. त्या रक्ताचे समर्थन मला करवत नाही. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, 16 डिसेंबर 2021 ला ती अंतरिम आदेशाने उठली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. आता धाव हजार मीटरच्या आत, काठी-चाबूक नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. पट जिवंत राहायचा तर हे हवेच.

मोटरसायकलीच्या वाट्याला मात्र पट आलाच नाही. तिला मिळाला मुंबई-कोलकाता महामार्ग, तेव्हाचा 6 क्रमांकाचा, आताचा 53. दिवेलागणीला धानाचे ट्रक, बिनदिव्यांच्या बैलगाड्या, सायकलवरून घरी निघालेला मजूर, आणि त्यांच्यातून टाकीवर छाती टेकून सुटलेली दोन पोरे. त्या पोरांच्या अंगातली थरथर मला परकी वाटत नाही. मोठेबाबांचीही तीच होती. पण सायकलवाल्या मजुराने त्या शर्यतीला कधी होकार दिलेला नव्हता.

मोटरसायकलींच्या रस्त्यावरच्या शर्यतीचे माहेर म्हणजे आयल ऑफ मॅन बेट. तिथे कायदा करून आधी रस्ते बंद केले गेले, मग 1907 मध्ये पहिली टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) शर्यत झाली. एकसिलिंडर गटात चार्ली कॉलियर मॅचलेस मोटरसायकलवर जिंकला, सरासरी ताशी सुमारे 61 किलोमीटर. आमचे कोणतेही पोर आज सहज गाठते तो वेग. रस्ता बंद ठेवूनही त्या बेटावर आजवर अडीचशेहून अधिक स्पर्धकांचा जीव गेला आहे. उघड्या महामार्गावर काय होईल?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा योग्यच आहे. पण धान निघाल्यावर बैलांना बांध्या मोकळ्या करून देणारी गावे पोरांना एखादी कडेकोट आखलेली, डॉक्टर हजर असलेली धावपट्टी का देत नाहीत, हे मी ग्रामसभेत विचारणार आहे. तसा अर्ज कोणी केला तर पहिली सही माझी.