कल्हई ते नॉनस्टिक
धुळ्याच्या आमच्या घरी पितळी पातेल्यांना कल्हई करत. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथील फिरवी. कल्हई उडाली की ताक कळकते, हे आजीला ठाऊक होते. पण कथलात शिसे मिसळले असेल, तर ते तिला दिसणार कसे?

१९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना टेफ्लॉन योगायोगाने सापडले. १९५६ मध्ये फ्रान्समध्ये टेफाल कंपनी निघाली आणि ते तव्यावर चढले. या लेपाचा कपचा पोटात गेला, तरी तो न पचता बाहेर पडतो. धोका दुसरीकडे आहे. लेप बनवताना पूर्वी वापरले जाणारे पीएफओए हे रसायन शरीरात साठते. २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात त्यावर बंदीचा निर्णय झाला. शिवाय तवा २६० अंशांच्या फार पुढे तापला, की लेपातून विषारी वायू सुटतो.

कथील तर २३२ अंशांनाच वितळते. म्हणून ‘रिकामे पातेले चुलीवर ठेवू नको’ हा आजीचा नियम नॉनस्टिकलाही लागू पडतो. जळगाव-धुळ्याचे मांडे मात्र मोठ्या आचेवरच्या खापरावर होतात. तिथे लेपच नाही, नुसती भाजलेली माती.