मालमोटारींचे सांगाडे, हलके व जड : ठाणे-कल्याण परिसर

मालमोटारीचे एंजिन, प्रेषण यंत्रणा, आस, चालककक्ष व मालाचा हौदा ज्या पोलादी चौकटीवर बसविलेले असतात, तिला सांगाडा म्हणतात. बोलीभाषेत ‘चासी’ हा शब्द रूढ आहे. जुन्या मालमोटारीची पुनर्बांधणी करताना बहुतेक सर्व भाग बदलता येतात. सांगाडा बदलला, तर मात्र ती मालमोटार तीच राहिली काय, असा प्रश्न उपस्थित होतो. कारण वाहनाची भारक्षमता, त्याचा इतिहास आणि त्याची कायदेशीर ओळख ही तिन्ही सांगाड्याशी निगडित असतात. ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसराच्या वाहतुकीत हलक्या व जड अशा दोन्ही सांगाड्यांच्या मालमोटारींना स्थान मिळाल्याने त्यांच्यातील भेद या परिसराच्या संदर्भात चांगला स्पष्ट होतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : घाटावरील माल कोकणात उतरविणारे बंदर म्हणून कल्याण प्राचीन काळापासून प्रसिद्ध होते. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला व पुढील वर्षी तो कल्याणपर्यंत पोहोचला. मोटारयुगात मुंबई-आग्रा रस्त्यामुळे ठाण्याला नवे महत्त्व आले. हा रस्ता ठाण्यावरून पुढे कसारा घाट चढून नाशिककडे जातो. घाट चढणारी लांब पल्ल्याची वाहतूक आणि गिरण्या, वखारी व बाजारपेठा यांमधील जवळची वाहतूक अशा दोन भिन्न गरजा या प्रदेशात निर्माण झाल्या. पहिलीसाठी जड व दुसरीसाठी हलकी मालमोटार सोयीची ठरते.

१९२८ मध्ये जनरल मोटर्स कंपनीने मुंबईत सुट्या भागांपासून वाहने जुळविण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील फोर्ड व शेव्हर्ले कारखान्यांनी राष्ट्रकुलातील सैन्यांसाठी एका समान आराखड्याच्या मालमोटारी मोठ्या संख्येने बांधल्या व त्यांचे सांगाडे भारतातही आले. जमशेटपूर येथे तयार झालेल्या चिलखती गाड्या याच सांगाड्यांवर उभारलेल्या होत्या. युद्धकाळात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. युद्ध संपल्यावर देशभर लष्कराची शिल्लक वाहने विक्रीस निघाली आणि त्यांपैकी अनेकांवर नवे हौदे चढवून ती नागरी मालवाहतुकीत आणण्यात आली. जुन्या सांगाड्यावर नवे वाहन उभे करण्याची कला अशा प्रकारे गरजेतून वाढीस लागली.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा कुर्ला येथील कारखाना १९४७ मध्ये सुरू झाला. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने तेथे डॉज व फार्गो या नावांच्या मालमोटारी तयार होत. १९५३ मध्ये जकात आयोगाने केवळ जुळवणी न करता देशातच उत्पादन करण्यावर भर दिल्यानंतर फोर्ड व जनरल मोटर्स या कंपन्यांनी भारतातील काम थांबविले. प्रीमियर मात्र टिकून राहिली. १९५४ मध्ये टाटा व डाइम्लर-बेंझ यांच्यात करार होऊन जमशेटपूर येथे जड मालमोटारींचे उत्पादन सुरू झाले. जीपच्या यंत्रणेवर आधारलेली हलकी मालवाहने महिंद्र अँड महिंद्र या कंपनीने १९६५ पासून बांधली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर ठाण्याचे वागळे इस्टेट व डोंबिवली ही औद्योगिक क्षेत्रे विस्तारली आणि दोन्ही प्रकारच्या वाहनांना काम मिळाले. डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ मार्गावर प्रीमियरने उभारलेल्या कारखान्यात १९९० नंतरच्या दशकात प्यूजो ३०९ ही मोटारगाडी तयार झाली. तिला स्वतंत्र सांगाडा नव्हता. पोलादी पत्र्याचे कवचच सर्व भार पेलत असे. डॉज-फार्गोच्या सांगाड्यापासून सांगाडाविरहित मोटारीपर्यंतचा प्रवास अशा रीतीने एकाच कंपनीच्या इतिहासात दिसून येतो.

रचना : सांगाड्यात दोन उभ्या तुळया व त्यांना जोडणाऱ्या अनेक आडव्या तुळया असतात. उभ्या तुळयांचा छेद बहुधा पन्हळीच्या आकाराचा असतो. तुळईची नमनाला, म्हणजे वाकण्याला, विरोध करण्याची क्षमता पत्र्याच्या जाडीपेक्षा तुळईच्या उंचीवर अधिक अवलंबून असते. उदाहरणार्थ, १५० मिमी. उंच, ६५ मिमी. रुंद व ५ मिमी. जाड पन्हळीचा छेदगुणांक सु. ६१ घ. सेंमी. येतो, २२५ मिमी. उंच, ७५ मिमी. रुंद व ७ मिमी. जाड पन्हळीचा तो सु. १६० घ. सेंमी. येतो. दर मीटर लांबीचे वजन अनुक्रमे सु. १०·६ व १९·८ किग्रॅ. भरते. म्हणजे वजन दुपटीपेक्षा थोडे कमी वाढते, पण नमनक्षमता सु. २·६ पट होते. दोन्ही तुळया एकाच प्रतीच्या पोलादाच्या आहेत, असे येथे गृहीत धरले आहे.

हलक्या मालमोटारीच्या उभ्या तुळया पुष्कळदा आसांवर वर उचललेल्या व टोकांकडे निमुळत्या केलेल्या असतात. त्यामुळे हौदा खाली राहतो व माल चढविणे सोपे जाते. जड मालमोटारीच्या तुळया चालककक्षाच्या मागे सरळ, समांतर व समान उंचीच्या असतात. अमेरिकी प्रघातानुसार त्यांची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी ३४ इंच (सु. ८६ सेंमी.) ठेवतात. यामुळे एकाच सांगाड्यावर हौदा, पाण्याची टाकी वा बसगाडीचा साटा यांपैकी काहीही बसविता येते. पुढील व मागील आसांमधील अंतरही मालाच्या मानाने वाढते. पूर्वोक्त कॅनडियन मालमोटारींत १५ हंड्रेडवेट (सु. ७६० किग्रॅ.) भाराच्या गाडीत हे अंतर सु. २५७ सेंमी. होते, तर तीन टनी गाडीच्या लांब प्रकारात ते सु. ४०२ सेंमी. होते.

जड सांगाडा म्हणजे अधिक ताठ सांगाडा, हा समज चुकीचा आहे. उघड्या पन्हळीची पिळाला विरोध करण्याची शक्ती अल्प असते आणि जड मालमोटारीत ती हेतुतः तशी ठेवलेली असते. खाचखळग्यांच्या रस्त्यावर एक चाक वर उचलले गेले, तरी सांगाडा किंचित पिळतो व चारही चाके जमिनीला टेकून राहतात. रिव्हेटांनी जोडलेल्या आडव्या तुळया हा पीळ सहन करतात. पन्हळीला पट्टी जोडून तिचा पेटीसारखा बंद छेद केला, तर तेवढा भाग ताठ होतो. पण जेथे बंद भाग संपतो, तेथे प्रतिबल एकवटून कालांतराने चीर पडते.

पुनर्बांधणी : प्रथम सांगाडा सपाट जमिनीवर टेकूंवर ठेवून ओळंब्याने त्यावरील खुणा जमिनीवर उतरवितात व कर्णांची लांबी मोजतात. कर्ण असमान आल्यास चौकट तिरकी झालेली असते. मध्यभागी बाक आणि दोन तुळयांच्या पातळीतील फरकावरून कळणारा पीळ हे दोष वेगळे तपासावे लागतात. खाडीकाठची दमट हवा व दीर्घ पावसाळा यांमुळे या परिसरात गंज हा मोठा शत्रू आहे. मजबुतीसाठी तुळईला जोडलेल्या दुहेरी पट्टीच्या फटीत पाणी साचते, गंज फुगतो व रिव्हेटे ताणली जातात. म्हणून बाहेरून जाड दिसणारा जड सांगाडा आतून हलक्या सांगाड्यापेक्षा अधिक खंगलेला असू शकतो.

दुरुस्तीत तुळईच्या वरच्या व खालच्या पट्टीला भोक पाडणे टाळतात. नमनाचे प्रतिबल तेथेच सर्वाधिक असते. भोके मधल्या उभ्या भागात घेतात. जोडपट्टीची टोके चौकोनी न ठेवता तिरकी कापतात व वितळजोड तुळईच्या पट्टीवर आडवा येऊ देत नाहीत. साध्या पोलादाच्या जुन्या सांगाड्यावर वितळजोड चालतो. उष्णतासंस्कारित पोलादाच्या तुळईचे बल मात्र त्याने घटते. हलक्या गाडीखाली जड सांगाडा घातल्यास पट्टी-स्प्रिंगा, आस, गतिरोधक व सुकाणू यांचा मूळ मेळ बिघडतो. केवळ सांगाडा भक्कम केल्याने गाडीची भारक्षमता वाढत नाही. सर्वांत दुबळा भागच तिची मर्यादा ठरवितो.

कायदेशीर बाजू : वाहनाचा सांगाडा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, शासनाने मुभा दिलेले बदल वगळता, प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार करता येत नाही. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीची विशेष तरतूद झाली. सांगाड्यात फेरफार झालेला नसावा, ही तिची एक अट आहे. ही तरतूद दुचाकी व प्रवासी मोटारगाड्या यांच्यापुरती असून मालमोटारींचा तीत समावेश नाही.

या त्रुटीचा परिणाम दूरगामी आहे. श्रीमंतांच्या मोटारगाड्या जपल्या गेल्या. परंतु धान्य, कापड व यंत्रे वाहून या परिसराचे उद्योग उभे करणाऱ्या मालमोटारी प्रायः भंगारात गेल्या. जी थोडी वाहने उरली आहेत, त्यांच्या पुनर्बांधणीत मूळ सांगाडा, मग तो हलका असो वा जड, दुरुस्त करून राखणे हाच श्रेयस्कर मार्ग होय. त्यावरील रिव्हेटांच्या ओळी, नंतर जोडलेल्या पट्ट्या व ठोकलेला क्रमांक यांतून त्या वाहनाने कोणता भार व किती काळ वाहिला, हे समजू शकते. सांगाडा बदलला की हा पुरावा कायमचा नाहीसा होतो.