लळिंगची वाट

आमच्या शिंदखेड्याची बुराई नदी उन्हाळ्यात आटते. म्हणून पाऊस लागला की आम्ही मित्र धुळ्याजवळच्या लळिंग कुरणात धबधबा पाहायला जायचो. वरचा किल्ला फारुकी सुलतानांचा, एवढं ठाऊक होतं. कुरणातल्या लांडोर बंगल्याकडे मात्र कधी वळलो नाही.

एकदा वाटेत पांढऱ्या साडीतल्या आजींनी विचारलं, ‘‘भाऊ, बंगल्यावर नाही येत?’’ तारीख होती 31 जुलै. 1937 साली याच दिवशी कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या बंगल्यात उतरले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी भरपावसात माणसं इथे येतात.

बी.ए.ला इतिहास शिकलो, पण हे कळलं आजींकडून. त्या दिवशी धबधबा पाहायचा राहिला. त्याची खंत नाही.