दुरुस्तीच्या टेबलावरचे सॉफ्टवेअर

पुण्यातील सॉफ्टवेअर व्यवसायाचा इतिहास बहुधा १९८१ साली सात अभियंत्यांनी या शहरात स्थापन केलेल्या इन्फोसिसपासून सांगितला जातो. परंतु ती कंपनी दोन वर्षांतच बंगळूरला गेली, आणि तिचा पुढचा विस्तार डोळ्यांसमोर असल्यामुळे लहान कंपनीत प्रत्यक्ष काम कसे चाले, हे त्या कथेतून फारसे उमगत नाही. त्यासाठी मंगळवार पेठेतील एका दुरुस्तीच्या दुकानाकडे वळावे लागते.

मूळचे रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करू लागले, आणि १९९० मध्ये त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. कचेऱ्यांत संगणक येऊ लागले तसे तेही दुरुस्तीला येऊ लागले. या धंद्याचा मोठा आधार म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, म्हणजेच ठरावीक रकमेत वर्षभर बिघाड काढून देण्याची हमी. त्यामुळे एकच यंत्र पुन्हापुन्हा बिघडले, तर प्रत्येक फेरीचा भुर्दंड दुरुस्ती करणाऱ्यालाच पडे.

असा वारंवार उद्भवणारा बिघाड म्हणजे संगणक-विषाणू, अर्थात स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्रॅम. १९९१ मध्ये आढळलेला मायकेलअँजेलो हा विषाणू डिस्कच्या, यंत्र सुरू होताना सर्वप्रथम वाचल्या जाणाऱ्या भागात दडून बसे. बाधित फ्लॉपी खणात विसरून यंत्र सुरू केले की तो आत शिरे, पुढे घातलेल्या फ्लॉप्यांना लागे, आणि ६ मार्चला यंत्र चालू झाल्यास डिस्कवरील माहिती पुसून टाकी. म्हणून उपचाराआधी कडेची खाच चिकटपट्टीने बंद केलेल्या, म्हणजे जिच्यावर काही लिहिले जाऊ शकत नाही अशा, स्वच्छ सव्वापाच इंची फ्लॉपीवरून यंत्र सुरू करावे लागे.

मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी दुकानात येणाऱ्या यंत्रांवरच अभ्यास करून या विषाणूवर उतारा लिहिला. येथे विशेष महत्त्वाची गोष्ट अशी की गिऱ्हाइकाची तक्रार ऐकणारा आणि प्रोग्रॅम लिहिणारा यांच्यामध्ये कोणताही विभाग किंवा अधिकारी नव्हता. दुरुस्तीला आलेले यंत्र हाच संशोधनाचा नमुना होता, आणि उतारा लागू पडला की नाही हे त्याच टेबलावर कळे. मोठ्या संस्थांना ही जवळीक पैसे खर्चूनही सहसा साधत नाही. त्या उताऱ्यांतूनच १९९५ मध्ये ‘क्विक हील’ हे उत्पादन बाजारात आले. इंटरनेट सर्वत्र पोहोचलेले नसल्याने नव्या विषाणूंवरचे उतारेही फ्लॉपीवरूनच पोहोचवावे लागत, त्यामुळे विक्रीनंतरही गिऱ्हाइकाकडे खेपा घालणे चुकत नसे. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे सेवाव्यवसाय सुचवणारे नाव कंपनीने २००७ पर्यंत कायम ठेवले.