तिकिटावर विजेता नसतो

टपाल तिकिटाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहायचे, तर चित्राआधी तारीख वाचावी. तिकीट कधी निघाले आणि ज्या घटनेवर निघाले ती कधी घडली, या दोन तारखांमधले अंतर पुष्कळ काही सांगून जाते. कामठ्याहून समुद्र शेकडो मैल दूर. आमच्या गोंदिया जिल्ह्यात पाणी म्हणजे तलाव आणि नाव म्हणजे ढिवरांचा डोंगा. तरी नौकांची तिकिटे जमवता जमवता जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रात गर्नसी नावाचे लहानसे बेट आहे. १ ऑक्टोबर १९६९ पासून तिथले टपाल खाते स्वतंत्र झाले. त्या खात्याने १९८८ मध्ये पॉवरबोटींच्या जागतिक स्पर्धेवर तिकिटांचा संच काढला. खुल्या समुद्रात यांत्रिक वेगनौका पळवण्याचा हा खेळ. इंग्लंडात १९६१ साली काउज ते टॉर्की ही शर्यत सुरू झाली आणि तिथे त्याने मूळ धरले. लाटांवर आदळत, खडक नि प्रवाह चुकवत नौका पळतात. एवढ्याशा बेटाच्या टपाल खात्याला जगभरच्या संग्राहकांचे मोल फार, त्यामुळे तिकीट स्पर्धेच्या हंगामातच हवे. पण चित्र काढणे, मंजुरी घेणे, छापणे यांत महिने जातात. म्हणजे नौका पाण्यात उतरण्याआधीच तिकीट तयार. साहजिकच त्यावर शर्यत असते, विजेता नसतो.

आपल्याकडेही मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी-१ पॉवरबोटींची शर्यत झाली. मात्र आपल्या तिकिटांवर मान मिळाला तो मुख्यतः शिडाच्या नौकांना. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांसाठी निघालेल्या तिकिटांत शिडाच्या नौकांच्या शर्यतीचेही तिकीट होते. या शर्यती झाल्या मुंबईच्या समुद्रात, आणि फायरबॉल प्रकारात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. तिकिटाला ही नावे ठाऊक असणे शक्यच नव्हते. ती शोधायला निकालांच्या पानांकडेच जावे लागते.

याहून विलक्षण उदाहरण ‘तृष्णा’चे. भूदलाच्या अभियंता दलातील जवान-अधिकाऱ्यांची ही जेमतेम ३७ फुटी शिडाची नौका २८ सप्टेंबर १९८५ रोजी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली आणि १० जानेवारी १९८७ रोजी मुंबईत परतली. तिच्यावरचे साडेसहा रुपयांचे तिकीट निघाले तेही १० जानेवारी १९८७ लाच. याचा अर्थ काय? छापखान्यात तिकिटे छापली जात होती, तेव्हा नौका अजून समुद्रात होती. एखाद्या वादळाने वेगळे काही घडवले असते, तर ते गठ्ठे तसेच पडून राहिले असते. २००४ मध्ये पुन्हा तसेच घडले. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेले नौदलाचे तीन डोलकाठ्यांचे प्रशिक्षण जहाज ‘तरंगिणी’ २३ जानेवारी २००३ रोजी कोचीहून निघाले, २५ एप्रिल २००४ रोजी परतले आणि त्याच दिवशी तिकीट आले. सरकारने दोन्ही वेळा माणसांच्या परतण्यावर विश्वास टाकला होता. मला ही तिकिटे म्हणूनच मोलाची वाटतात.

उलट टोकाचे उदाहरण कान्होजी आंग्र्यांचे. त्यांचा मृत्यू १७२९ मधला, तिकीट १९९९ मधले. मध्ये २७० वर्षे. त्याच्या आदल्याच वर्षी खांदेरी बेटाला कान्होजींचे नाव देण्यात आले होते. आणि बेटाभोवतीची वेगाची खरी शर्यत पाहायची तर या खांदेरीपाशीच पाहावी! १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारी तिथे तट बांधू लागले. मुंबईच्या इंग्रजांनी ते रोखायला मोठी जहाजे आणली. आपल्या होड्या लहान, तळ उथळ, वल्ह्यांवर चालणाऱ्या. वारा पडला की इंग्रजांची जहाजे जागच्या जागी खिळत आणि आपल्या होड्या रात्री त्यांच्या हातावर तुरी देऊन बेटावर रसद पोचवत. अखेर १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांना माघार घ्यावी लागली. त्या होड्या वल्हवणाऱ्या कोळी-भंडाऱ्यांची नावे आज कोण सांगेल?

म्हणजे तिकीट एकतर घटनेआधी तयार होते, नाहीतर पिढ्या उलटल्यावर निघते. मधली जागा रिकामी राहते आणि नेमकी तीच माणसांची असते: नौका बांधणारे, शीड शिवणारे, वल्हे मारणारे. ही जागा टपाल खाते भरणार नाही. ते काम आपल्यासारख्या हौशी अभ्यासकांचे. घरात जुनी प्रथम दिवस आवरणे असतील, तर तिकीट सोडवून घेऊन पाकीट फेकू नका. शिक्क्यावरची तारीख नि सोबतचे माहितीपत्रक हाच पुरावा असतो. आणि नवेगावबांधच्या काठी डोंगा घडवणारा एखादा म्हातारा अजून असेल, तर त्याच्या तिकिटाची वाट पाहत बसू नये. त्याचे नाव, त्याने वापरलेले लाकूड आणि त्याची रीत आजच वहीत उतरवून घ्यावी.