धर्माची विटंबना आणि कायदा : कलम २९५-अ ची हकीकत

वर्तमानपत्रात किंवा हल्ली मोबाइलवर आपल्या धर्माविषयी काही गलिच्छ मजकूर आला की मोहल्ल्यात दोन प्रकारची माणसे दिसतात. एक म्हणतात, "आपल्यासाठी कायदाच नाही, कुणाकडे जाणार?" दुसरे काही म्हणत नाहीत, तडक रस्त्यावर येतात. कायदा आहे, हे पहिल्यांना माहीत नसते. तो काय म्हणतो, हे दुसऱ्यांनी वाचलेले नसते. इतिहास शिकवणारा शिक्षक या नात्याने मला वाटते की या कायद्याची जन्मकथा आपल्या पालकांना आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना माहीत असावी. पाठ्यपुस्तकात ती येत नाही.

आरंभ मेकॉलेपासून करावा लागेल. शिक्षणविषयक टिपणामुळे आपल्याकडे त्याचे नाव फारसे आदराने घेतले जात नाही. परंतु १८३७ साली त्याच्या अध्यक्षतेखालील आयोगाने दंडसंहितेचा जो मसुदा तयार केला, त्यातील धर्मविषयक प्रकरणाचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. प्रत्येकाला आपापला धर्म पाळू द्यावा आणि कोणालाही दुसऱ्याच्या धर्माचा अपमान करू देऊ नये, असे त्यामागचे तत्त्व होते. हा मसुदा १८६० साली कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. कलम २९५ प्रमाणे प्रार्थनास्थळाची किंवा पवित्र वस्तूची नासधूस अगर विटंबना, २९६ प्रमाणे चालू असलेल्या उपासनेत व्यत्यय, २९७ प्रमाणे कबरस्तानात किंवा स्मशानात घुसून केलेली विटंबना, हे सारे गुन्हे ठरले. यात कोठेही मशीद, देऊळ अथवा चर्च असा भेद नाही. 'कोणत्याही वर्गाच्या लोकांना पवित्र वाटणारी' वस्तू, एवढेच कायदा म्हणतो. खुद्द इंग्लंडात काय स्थिती होती? तेथील ईश्वरनिंदेचा कायदा ख्रिस्ती धर्मापुरताच होता. सलमान रश्दी यांच्या कादंबरीविरुद्ध तेथील मुसलमान न्यायालयात गेले, तेव्हा १९९० साली त्यांना सांगण्यात आले की हा कायदा इस्लामला लागू नाही. २००८ साली तो कायदाच रद्द झाला. म्हणजे राज्यकर्त्यांच्या देशात जे नव्हते ते आपल्याकडे १८६० पासून होते.

तरी या प्रकरणात एक भोक राहून गेले होते. कलम २९८ धर्मभावना दुखवण्याबद्दल होते खरे, पण ते समोरासमोर उच्चारलेल्या शब्दांपुरते किंवा हावभावांपुरते. छापलेल्या मजकुराचे काय? १८९७ च्या टिळकांवरील खटल्यानंतर सरकारने १८९८ मध्ये राजद्रोहाचे कलम अधिक कडक केले आणि त्याच वेळी १५३-अ हे कलम घातले. निरनिराळ्या वर्गांत वैरभाव पसरवणे हा त्यामुळे गुन्हा झाला. पुढची पंचवीस-तीस वर्षे धार्मिक निंदेच्या लिखाणावर याच कलमाखाली खटले भरता येतील, अशी समजूत होती.

ही समजूत लाहोरला मोडली. १९२४ साली तेथील राजपाल नावाच्या प्रकाशकाने पैगंबर साहेबांच्या खाजगी जीवनावर एक निनावी पुस्तिका काढली. तिचे नाव येथे छापण्याचे कारण नाही. गांधीजींनी 'यंग इंडिया'त तिचा निषेध केला. १५३-अ खाली खटला झाला, खालच्या न्यायालयांत राजपाल दोषी ठरला. परंतु मे १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दलीपसिंग यांनी त्याला सोडून दिले. पुस्तिका चांगली आहे असे त्यांनी म्हटले नव्हते, हे ध्यानात घ्या. तिच्यातील सूर दुष्टपणाचा आहे हे त्यांना दिसत होते. त्यांचे म्हणणे एवढेच, की १५३-अ हे कलम दोन समाजांत वैर पसरवण्याबद्दल आहे. दिवंगत धर्मपुरुषाच्या चरित्रावरील प्रत्येक प्रतिकूल लिखाण त्यात बसत नाही. पंजाबात संतापाचा आगडोंब उसळला. न्यायमूर्तींना काढून टाका अशी मागणी झाली. लाहोरच्या 'मुस्लिम आउटलुक' या पत्राने न्यायमूर्तींवर टीका केली, तेव्हा त्याचे संपादक व मालक न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगात गेले. थोड्याच महिन्यांत अमृतसरच्या एका मासिकाच्या प्रकरणात त्याच उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी १५३-अ चा अर्थ निराळा लावून आरोपींना दोषी ठरवले. एकाच न्यायालयाचे दोन अर्थ! कायदा संदिग्ध आहे हे आता सर्वांना दिसले.

म्हणून ऑगस्ट १९२७ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात नवे विधेयक आले. या विधेयकावरील चर्चा हा माझ्या मते सगळ्या हकिकतीतील सर्वात शिकण्याजोगा भाग आहे. वातावरण तापलेले होते. अशा वेळी 'कोणाचीही भावना दुखावली की शिक्षा' असा कायदा करून टाकणे सोपे होते. सभासदांनी तसे केले नाही. निवड समितीने एक प्रश्न विचारात घेतला : एखादा सुधारक आपल्याच धर्मबांधवांना जागे करण्यासाठी कडक बोलला, त्यांना धक्का दिला, तर त्यालाही तुरुंगात टाकायचे काय? (महात्मा फुल्यांच्या महाराष्ट्रात या प्रश्नाचे महत्त्व सांगायला नको.) म्हणून कलमात 'बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने' हे शब्द पक्के झाले. बॅरिस्टर जिना यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. परंतु इतिहासाचे संशोधन करणारे, सत्याचा शोध घेणारे आणि एखाद्या धर्माची प्रामाणिकपणे चिकित्सा करणारे यांना संरक्षण मिळालेच पाहिजे, हेही त्यांनी सभागृहात बजावले. पैगंबरांच्या अपमानावरून उठलेल्या वादळात एक मुसलमान पुढारी टीकाकाराच्या हक्काची आठवण देतो, हे आपल्या तरुणांनी विसरू नये. सप्टेंबरात विधेयक संमत झाले आणि दंडसंहितेत कलम २९५-अ दाखल झाले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. १९६१ मध्ये ती तीन वर्षांपर्यंत वाढवली गेली.

राजपालच्या जुन्या पुस्तिकेला हा नवा कायदा अर्थातच लागू होत नव्हता. ६ एप्रिल १९२९ रोजी इल्मुद्दीन नावाच्या सुतार घराण्यातील तरुणाने राजपालला सुरा भोसकून ठार केले. अपिलात जिनांनी त्याचे वकीलपत्र घेतले, पण फाशी कायम राहिली आणि ३१ ऑक्टोबर १९२९ रोजी मियाँवालीच्या तुरुंगात ती अमलात आली. त्याला आजही गाझी म्हणणारे आहेत. मला मात्र दिसते ते असे, की समाजाला हवे होते ते कलम दीड वर्षापूर्वीच कायदेमंडळाने दिले होते, तेही चर्चेने आणि मतदानाने. सुऱ्याने त्यात एका अक्षराचीही भर घातली नाही. दोन घरे मात्र उजाड झाली.

स्वातंत्र्यानंतर या कलमाची कसोटी लागली ती रामजीलाल मोदी यांच्या खटल्यात. हे 'गौरक्षक' मासिकाचे संपादक. १९५२ च्या नोव्हेंबर अंकातील मजकुरामुळे मुसलमानांच्या भावना दुखावल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने शिक्षा कमी केली, पण दोष कायम ठेवला. तेव्हा त्यांनी सर्वोच्च न्यायालयात भाषणस्वातंत्र्याच्या आधारे कलमालाच आव्हान दिले. ५ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्या पीठाने कलम वैध ठरवले. कारण काय दिले? तर हे कलम प्रत्येक अपमानाला शिक्षा करीतच नाही. दुष्ट हेतूने, जाणूनबुजून केलेला आणि सार्वजनिक शांतता बिघडवू शकेल असा उग्र अपमानच फक्त त्यात येतो. म्हणजे १९२७ साली ज्या शब्दांनी कलम अरुंद केले, त्याच शब्दांनी ते १९५७ साली तारले. पुढच्याच वर्षी, पेरियार यांनी मातीची गणेशमूर्ती फोडल्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने कलम २९५ मधील 'पवित्र वस्तू' या शब्दांचा व्यापक अर्थ लावला आणि बायबल, कुराण व ग्रंथसाहेब यांचा नावाने उल्लेख केला.

हेतूचा हा नियम सर्वांना सारखाच लागू होतो. क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी यांचे एका मासिकाच्या २०१३ सालच्या मुखपृष्ठावर देवतेच्या रूपात चित्र आले, हातांत निरनिराळ्या कंपन्यांचा माल. आंध्र प्रदेशात २९५-अ खाली तक्रार झाली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. दुष्ट हेतूवाचून, अजाणता वा निष्काळजीपणे झालेला अपमान या कलमात येत नाही.

हे शब्द वगळले तर काय होते, ते पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. फाळणीनंतर हीच दंडसंहिता पाकिस्तानकडेही गेली. तेथे १९८६ मध्ये २९५-क हे कलम जोडले गेले. शिक्षा मृत्यूची, आणि 'दुष्ट हेतूने' हे शब्द त्यात नाहीत. आसिया बीबी या ख्रिस्ती मजूर स्त्रीला शेतावरील भांडणातून या कलमाखाली २०१० मध्ये फाशी सुनावली गेली. तिची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांचा ४ जानेवारी २०११ रोजी खून झाला. ती निर्दोष सुटली ३१ ऑक्टोबर २०१८ ला. तेथे अल्पसंख्य ती आहे, येथे आपण आहोत. कायद्यात हेतूची अट असावी की नसावी, याचे उत्तर देताना दोन्ही बाजूंनी उभे राहून पाहावे.

आता थोडे व्यवहाराचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तीत २९५-अ चे कलम २९९ झाले आहे आणि १५३-अ चे १९६. न्यायालयाने अशा गुन्ह्याची दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते. खोडसाळ खटले टळावेत म्हणून ही जुनीच तरतूद आहे. तिच्यामुळे विलंब होतो, ही तक्रार खरी आहे. परंतु मंजुरी पुढच्या टप्प्याला लागते, फिर्याद नोंदवण्यासाठी नव्हे. शिवाय द्वेषपूर्ण भाषणाबाबत पोलिसांनी तक्रारीची वाट न पाहता, वक्त्याचा धर्म न पाहता, स्वतःहून गुन्हा नोंदवावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तीन राज्यांना आणि २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना दिला. तरीही आपण जावे ते लेखी अर्ज घेऊन. मूळ अंक किंवा मोबाइलवरील मजकुराची प्रत, तारीख आणि तो कोठे पाहिला हे त्यात असावे. मजकूर इतरांना पाठवीत बसू नये. त्याने विटंबना पसरते. फिर्याद नोंदल्यावर एफ.आय.आर.ची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी.